इंदूरची बीएल-०९ बीमलाइन: ज्यांचे स्फटिक पडत नाहीत त्यांनी जरूर जावं

सिरियम नायट्रेट आणि फिनँथ्रोलिन यांचं कॉम्प्लेक्स (धातूला सेंद्रिय रेणू जोडून बनलेलं संयुग) आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तयार झालं. अगरच्या प्लेटवर स्टॅफिलोकोकस जिवाणू वाढवून खळग्यात ते टाकलं, तर भोवती छान स्वच्छ कडं पडलं, म्हणजे तिथे जिवाणू वाढले नाहीत. रचना नेमकी ठरवायला स्फटिक हवे, ते मात्र काही केल्या पडेनात. कुपीत दर वेळी पिवळसर भुकटीच. पिवळा रंग बघून मला वेगळीच धास्ती, की आणखी एक इलेक्ट्रॉन गमावून सिरियम +३ वरून +४ वर तर गेलं नाही ना? आयआर (अवरक्त) वर्णपटावरून लिगँड, म्हणजे फिनँथ्रोलिन, जोडला गेलाय एवढं कळतं. धातूभोवती किती अणू आहेत, किती अंतरावर आहेत, हे त्यातून कळत नाही.

म्हणून इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन फिरवून तीव्र एक्स-रे मिळवणाऱ्या यंत्रावर) गेलो. सुमारे १७२ मीटर परिघाच्या वलयात २.५ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात, त्यांच्या एक्स-रेवर बीएल-०९ ही बीमलाइन, म्हणजे मोजणीची जागा, चालते. नमुना कोणत्या ऊर्जेचे एक्स-रे किती शोषतो हे इथे मोजतात, त्याला भुकटीही चालते. आधी प्रस्ताव पाठवायचा, मंजूर झाला की तारीख मिळते.

नमुन्याची पेलेट (दाबलेली चकती) करताना घाई करू नका, हे कळकळीने सांगतो. बोरॉन नायट्राइडमध्ये भुकटी घोटून दाबलेली आमची पहिली चकती जाड झाली. सिरियमची एल-३ कडा, म्हणजे जिथून ते एक्स-रे एकदम जास्त शोषू लागतं ती ऊर्जा, ५७२३ ईव्हीला (इलेक्ट्रॉनव्होल्ट); म्हणजे एक्स-रे तसे मऊच, कमी भेदक. जाड चकतीतून पलीकडे फारसं काही पोचेना आणि शोषणाच्या आलेखातलं शिखर चपटं आलं. वजनाचा हिशेब पुन्हा करून पातळ चकती दाबली. ऊर्जा जुळवायला क्रोमियमची पत्री घेतली, तिची कडा ५९८९ ला, जवळच.

मग तो क्षण. शेजारी ठेवायला सिरियम ऑक्साइड मोजलं होतं, त्याला दोन शिखरं, +४ ची खूण. आमच्या नमुन्याला एकच, उंच आणि टोकदार. सिरियम +३ च! माझी विद्यार्थिनी पडद्यावरून नजर हटवेना.

एक्झाफ्सच्या, म्हणजे कडेपुढच्या आलेखातल्या लहरींवरून शेजारच्या अणूंची अंतरं काढण्याच्या, बाबतीत अपेक्षा बेताची ठेवा. ६१६४ ला एल-२ कडा आडवी येते, त्यामुळे जेमतेम ४४० ईव्हीचा पट्टा हाती लागतो. पहिलं कवच, म्हणजे सिरियमच्या लगतचे अणू, २.६ अँगस्ट्रॉमच्या आसपास दिसलं, पण त्यातले ऑक्सिजन कोणते आणि नायट्रोजन कोणते हे वेगळं काढता येत नाही. पेपरात तसं ठामपणे लिहू नका.

आणखी एक. जिवाणूंवर आपण टाकतो ते डीएमएसओ या द्रावकामधलं द्रावण, मोजली मात्र भुकटी. फिनँथ्रोलिन एकटंही जिवाणू मारतं. द्रावणात कॉम्प्लेक्स सुटं झालं असेल, तर ते कडं कुणाचं? पुढचा प्रस्ताव त्याच द्रावणाचा, फ्लुओरेसन्स पद्धतीने (नमुन्यातून बाहेर पडणारे एक्स-रे टिपून) मोजायचा. लिहायला घेतलाय.