ग्लोबल सोलर ॲटलस: वर्षाच्या आकड्यावर थांबू नका, महिन्यांचा तक्ता उघडा

सौर पॅनेल विकणाऱ्याला 'वर्षाला किती युनिट निघतील?' विचारलं की उत्तर हमखास गुळमुळीत येतं. ते उत्तर नकाशावर एका टिचकीत मिळवायचं असेल तर ग्लोबल सोलर ॲटलस वापरावं. जागतिक बँकेने सोलरगिस कंपनीकडून तयार करून घेतलेलं हे संकेतस्थळ २०१७ पासून सर्वांना खुलं आहे. पैसे लागत नाहीत, खातंही उघडावं लागत नाही.

जागा निवडली की बाजूच्या चौकटीत आकड्यांची रांग येते आणि नवखे तिथेच गोंधळतात. जीएचआय म्हणजे आडव्या जमिनीवर पडणारं एकूण ऊन. जीटीआय म्हणजे योग्य कोनात कललेल्या पॅनेलवरचं ऊन. डीएनआय म्हणजे फक्त थेट किरण. तो आरशांनी ऊन एकवटणाऱ्या प्रकल्पांचा आकडा, छतावर पॅनेल लावणाऱ्याने तो सोडून द्यावा. आपल्या कामाचा आकडा पीव्हीआउट, म्हणजे एक किलोवॅट पॅनेलमागे निघणारी युनिटं. यात उष्णतेमुळे होणारी घट आधीच वजा असते. सिलिकॉन पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के क्षमता गमावतं, त्यामुळे तेवढंच ऊन मिळणारं थंड पठार तापट सखल भागाला मागे टाकतं.

पुढची पायरी म्हणजे सौर संचाचा प्रकार निवडून क्षमता, कोन आणि दिशा भरणं. मग महिनावार आलेख आणि बारा महिने गुणिले चोवीस तासांचा तक्ता मिळतो. या संकेतस्थळाचं खरं मोल या तक्त्यात आहे, आणि बहुतेक लोक तो न बघताच वार्षिक आकडा टिपून निघून जातात. समजा एका जागी किलोवॅटमागे वर्षाला १,४०० युनिट दिसतात, म्हणजे दिवसाला सरासरी ३.८. ग्रिड, म्हणजे वीज कंपनीची जोडणी, नसलेल्या ठिकाणी रोज ५ युनिट हवी असतील तर या हिशेबाने १.३ किलोवॅट पुरतील असं वाटतं. पण सर्वांत ढगाळ महिन्यात तोच आकडा दिवसाला २.५ वर येत असेल तर २ किलोवॅट लागतात. बॅटरीत भरताना-काढताना जाणारी वीज ॲटलस धरतच नाही; ती १५ टक्के मानली तर सुमारे २.४ किलोवॅट. ग्रिडला जोडलेल्या घराला हा ताप नाही, तिथे वार्षिक बेरीज चालते.

मोठी उणीव सावलीची. क्षितिजावरचे डोंगर ॲटलसला दिसतात. शेजारची इमारत, झाड, छतावरची पाण्याची टाकी दिसत नाही. आणि सावली जेवढी जागा झाकते तेवढंच नुकसान करून थांबत नाही: पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असल्याने एका कोपऱ्यावर सावली आली तरी बायपास डायोड (विजेला वळसा देणारा भाग) सेलचा तो अख्खा गट वगळतो, म्हणजे साधारण एक तृतीयांश पॅनेल बंद. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला छतावर जाऊन सावली स्वतः बघण्याला पर्याय नाही. ते हिवाळ्यात, सूर्य खाली असताना, केलेलं बरं.

धुळीचंही तसंच. ॲटलसच्या नकाशात धूळ-मळीपोटी ३.५ टक्के घट धरली आहे. खाण, कच्चा रस्ता किंवा सिमेंटचा कारखाना जवळ असेल आणि पॅनेल वेळेवर धुतली जात नसतील तर हे फारच आशावादी अनुमान झालं. संच अधूनमधून बंद पडतो हेही त्यात धरलेलं नाही, आणि पॅनेल जुनं होत जाताना दरवर्षी कमी होणारी क्षमता आपणच वजा करायची.

प्रत्यक्ष वर्षांचा तासागणिक डेटा हवा असेल, किंवा स्वतः मोजलेलं क्षितिज भरायचं असेल, तर युरोपीय आयोगाचं पीव्हीजीआयएस हे संकेतस्थळ घ्यावं, तेही फुकट. मात्र दिशा भरताना सांभाळा: ॲटलसमध्ये दक्षिण म्हणजे १८०, पीव्हीजीआयएसमध्ये दक्षिण म्हणजे ०. एकीकडचा आकडा दुसरीकडे तसाच टाकला तर पॅनेल उत्तरेकडे तोंड करून बसतं, आणि संकेतस्थळ चकार शब्द न काढता हिशेब करून देतं.