पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना: आमच्या घरातला अनुभव

आमचे हे नाशिकमध्ये सातपूरच्या कारखान्यातून साठीला निवृत्त झाले. पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे खासगी नोकरदारांच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, तिच्यात धड किराणाही निघत नाही. फंड आणि ग्रॅच्युइटी जमा झाली तसे फोन सुरू झाले. एका बँकेचा माणूस तर सिडकोत घरी आला आणि एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी समजावत बसला. "उद्या दवाखाना निघाला तर मोडता येईल का? किती कापाल?" एवढंच मी विचारलं, तर त्याने विषय बदलला. घराचा हिशोब मी बघते. या प्रश्नाचं सरळ उत्तर न देणाऱ्याच्या हाती आयुष्यभराची कमाई द्यायची नाही, हे मी तिथेच ठरवलं.

पोस्टात उत्तर सरळ मिळालं. वर्षाच्या आत मोडलं तर व्याज नाही, दिलेलंही कापून घेतात. एक ते दोन वर्षांत मुदलातून दीड टक्का, त्यानंतर एक टक्का. आम्ही १५ लाख ठेवलेत, म्हणजे दुसऱ्या वर्षात मोडलं तर २२,५०० रुपये जातील. नुकसान आहेच, पण ते आधी माहीत आहे.

आम्हाला व्याज ८.२ टक्के मिळालं. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, पण आपण पैसे भरले त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीत ३०,७५० रुपये बचत खात्यात येतात. त्यातून पहिल्यांदा औषधांचे पैसे बाजूला काढते. ह्यांना शुगर, मला बीपी. डॉक्टरांकडून गोळ्यांचं मूळ नाव लिहून घेतलं आणि आता त्या जनऔषधी केंद्रातून आणतो, खर्च खूपच उतरला. उरलेल्यातून आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी साठवते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, हा मोठाच दिलासा.

दवाखान्यासाठी मात्र या खात्यावर अजिबात विसंबू नका. आम्ही दोन लाख बँकेत वेगळे ठेवलेत, रात्री-अपरात्री काढता येतील असे. सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं, सत्तरीपुढच्यांसाठीचं मोफत उपचारांचं सरकारी कार्ड. त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. पण रुग्णालय त्या योजनेच्या यादीत आहे का, हे आजारी पडायच्या आधी बघून ठेवा.

मला खटकतं ते एवढंच की व्याज महिन्याला मिळत नाही. तिसऱ्या महिन्यात ओढाताण होते. आणि वर्षाचं व्याज एक लाखाच्या वर गेलं की टीडीएस, म्हणजे व्याजातूनच आगाऊ कर कापतात. कर बसत नसेल तर एप्रिलमध्येच तसा फॉर्म देऊन टाका, नंतर परताव्याची वाट बघत बसावं लागतं.

खातं जोडीदाराबरोबर संयुक्त काढा. जोडीदार साठीपुढचा असेल आणि त्याचं या योजनेत वेगळं खातं नसेल, तर एकाच्या मागे दुसऱ्याला ते मुदतीपर्यंत चालवता येतं. आमचे हे फॉर्म भरताना म्हणाले, "असलं अभद्र कशाला बोलतेस?" मी तरी माझं नाव घालायला लावलंच.