एसी झकास, भोक उलटं

दीड टनाचा, तीन स्टारचा इन्व्हर्टर स्प्लिट. मार्चमध्ये बसवला, आता ऑगस्ट. गारव्याबद्दल फार लिहायला नको. ठाण्यात सगळ्यात वरचा मजला, पश्चिमेची भिंत, मे महिन्यात रात्री अकरालाही तापलेला स्लॅब. तरी २६ वर ठेवून पांघरूण लागायचं. बिल वाढलं, पण धसका घेतला होता तेवढं नाही. तेव्हा लिहिलं असतं तर पाचही तारे देऊन मोकळा झालो असतो.

आता लिहितोय ते एसीच्या पाइपांसाठी भिंतीत पाडलेल्या अडीच इंची भोकाबद्दल.

जूनमध्ये पाऊस सणकून आला आणि इनडोअर युनिटच्या मागून तपकिरी ओघळ भिंतीवर उतरला. ड्रेन तुंबला असेल म्हणून ट्रेमध्ये मगभर पाणी ओतून पाहिलं. निमूट निघून गेलं. शिवाय गारवा पडल्यापासून एसी बंदच होता. बंद एसी गळेल कुठून?

कंपनीचा माणूस आला, मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाला, "साहेब, हे सीपेज आहे, बाहेरून भिंतीत मुरलेलं पाणी. सोसायटीला सांगा." या एका वाक्याचे जीएसटीसकट ५९० रुपये. सेक्रेटरींचं म्हणणं, "भोक तुम्ही पाडलंत, आम्ही नाही." बाहेरच्या प्लास्टरला बारीक भेग होतीच, त्यामुळे काही दिवस मलाही कंपनीचंच खरं वाटत होतं.

शेवटी नाक्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने भोकाभोवतीचं पीओपी खरवडलं, टॉर्च मारला आणि हसायलाच लागला. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं, निदान अर्धा इंच. आमचं आत उतरतं. ठेंगण्या स्टुलावर उभं राहून कोअर कटिंगचं मशीन वर रोखून धरलं की असंच होतं म्हणे. ड्रेन याच भोकातून असता तर उन्हाळ्यातच कळलं असतं, पण तो आतूनच बाथरूममध्ये सोडलाय.

त्यात आउटडोअर गच्चीवर. म्हणजे तांब्याचे पाइप वरून खाली येतात आणि थेट भिंतीत शिरतात. पावसाचं पाणी टेपवरून ओघळत त्यांच्यासोबत घरात. पाइप आधी भोकाच्या खाली नेऊन मग वर वळवला असता, तर पाणी त्या वळणावरूनच टपकलं असतं. एवढं एक वळण, ज्याला एक पैसा लागत नाही! आणि बाहेरचं तोंड बुजवलं होतं तेही पीओपीने, जे पाणी पितं.

जास्तीच्या पाइपची गुंडाळी गच्चीवर पडूनच होती. मेकॅनिक कमरेला दोर बांधून छज्ज्यावर उतरला, त्याच्या पोऱ्याने वरून पाइप सोडला, आणि याने तो अंगठ्यांनी दाबत दाबत, चिमटा न पडू देता वळवला. भोकाची बाहेरची कड छिन्नीने खाली तासली, सिलिकॉन भरलं, नवी टेप गुंडाळली. सगळे मिळून १,२०० रुपये. घासाघीस केली नाही, हे घरच्यांना अजून खरं वाटत नाही.

त्यानंतर जुलैभर धो धो पडला, भिंत कोरडी. मशीनला माझ्याकडून साडेचार तारे. घेणाऱ्यांनी एवढंच करा: ड्रिल लावण्याआधी त्या माणसाला उंच शिडी द्या, आणि पीओपीचा डबा दिसला तर बाहेरच्या बाजूला लावू देऊ नका. ५९० रुपये परत मागितलेत. ॲपवर माझी तक्रार 'निवारण झाले' अशी दिसतेय, तारीख त्या फोटो काढण्याच्या दिवसाची.