पावसाळाभर बाल्डर्स गेट: सुरुवात एवढी अवघड, तरी सोडवत नाही

बाल्डर्स गेट म्हणजे एक पात्र बनवून त्याच्या कथेतून पुढे जायचा रोल-प्लेइंग गेम. आधीच सांगतो, हा 1998 चा मूळ गेम नाही, 2012 मध्ये त्याचं एन्हान्स्ड एडिशन म्हणजे सुधारलेली आवृत्ती आली ती, आणि तीही मी अँड्रॉइड टॅबवर खेळतोय. आमच्या देवगडात जून लागला की आंबा संपलेला, होड्या वर ओढलेल्या, लाईट कधी जाईल नेम नाही आणि नेटचं तर विचारूच नका, त्यामुळे एकदा डाउनलोड झाला की नेटशिवाय चालतो हाच माझ्यासाठी अर्धा रिव्ह्यू. पूर्ण गेमबद्दल लिहीत नाहीये, फक्त सुरुवातीबद्दल, कारण बरेच जण तिथेच वैतागून अनइन्स्टॉल करतात आणि मला ते पटत नाही.

पात्र बनवताना फासे पडतात, आकडे आवडले नाहीत तर रीरोल, बरे आले तर स्टोअर करून परत रीरोल. ह्या नादात अख्खी दुपार जाते. बरा रोल आला की निघा पुढे.

मग कँडलकीप, तुमचं पात्र जिथे लहानाचं मोठं झालं ती जागा. समुद्रकड्यावरचा तटबंदीवाला मठ, आत प्रचंड ग्रंथालय, बाहेरच्याला आत यायचं तर मोलाचा ग्रंथ भेट द्यावा लागतो. आवारात साधू अलाउंडो नावाच्या द्रष्ट्याची भाकितं एका सुरात म्हणत असतात, आपल्याकडे नामसप्ताहाला देवळात कसं चालू असतं अगदी तसं, कोण ऐकतंय कोण नाही ह्याचं त्यांना काही नाही. इथली कामं एकदम किरकोळ. रीव्हरच्या कोठारातले उंदीर मारा, फ्लिडियाचं हरवलेलं पुस्तक गवतात शोधा, ड्रेपिनची गाय आजारी आहे तिच्यासाठी औषध आणा, आणि ते औषध हल नावाच्या पहारेकऱ्याच्या पेटीत, जिथून त्याची तलवार पण आणायची असते. लोक म्हणतात हे काय, जगाला वाचवायला आलो आणि गुरांचं औषध आणतोय. मला उलट हाच भाग सगळ्यात आवडला. सगळे तुम्हाला लहानपणापासून ओळखतात, कुणी टोमणा मारतं कुणी लाड करतं, आणि त्याच वाडीवजा जागेत दोन घरांत दोन मारेकरी तुमची वाट बघत बसलेत, कशासाठी ते कळत नाही. धावत धावत उरकलं तर पुढे तुम्हाला वाढवणाऱ्या गोरायनचं काय होतं त्याचं काहीच वाटणार नाही. शिवाय विनथ्रॉपच्या खानावळीत चिलखत आणि बाण तेव्हाच घेऊन ठेवा, कारण एकदा बाहेर पडलात की खूप पुढे जाईपर्यंत परत आत घेत नाहीत.

आता अवघड का ते. ह्यात डी अँड डी ची, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या फाशांच्या खेळाची, जुनी दुसऱ्या आवृत्तीची सिस्टीम आहे, एसी म्हणजे आर्मर क्लास, तो जितका कमी तितकं चिलखत भारी, आणि थॅको नावाचं एक प्रकरण, म्हणजे तुमचा वार लागतो की नाही ते ठरवणारा आकडा. घाबरायचं नाही, तुमच्या थॅकोतून समोरच्याचा एसी वजा करा, वीस बाजूंच्या फाशावर निदान तेवढा आकडा पडायला हवा. सुरुवातीला थॅको 20, समोरचा उघडाबोडका म्हणजे एसी 10, तर 10 किंवा वर. तोच प्लेट मेल घालून एसी 3 वर असेल तर 17 लागतात, म्हणजे पाचातला एक घाव लागणार. आणि तुम्ही जादूगार घेतला असेल तर पहिल्या लेव्हलला जीव म्हणजे हिट पॉइंट फक्त 4, तब्येत म्हणजे कॉन्स्टिट्यूशन 16 असेल तर 6. एक बाण, खलास. आणि मुख्य पात्र मेलं की गेम ओव्हर, बाकी पार्टी, म्हणजे तुमच्यासोबतची टोळी, धडधाकट असली तरी.

माझा मावसभाऊ ट्रॉलरवर खलाशी आहे, 1 जूनपासून मासेमारी बंद म्हणून घरीच, त्याला टॅब दिला. गोरायनचा प्रसंग बघून गप्प झाला, गेममधल्या दुसऱ्या सकाळी बालमैत्रीण इमोएन येऊन मिळाली, आणि दहा पावलांवर लांडगा. "लांडग्यान मारल्यान रे माका! ह्यो गेम आसा काय शिक्षा?" पण टॅब काही परत देईना.

खरी परीक्षा फ्रेंडली आर्म इन नावाच्या सराईत. गोरायनचे मित्र खालिद आणि जहीरा आत भेटणार असतात म्हणून माणूस निर्धास्त जातो आणि दाराच्या पायऱ्यांवरच टार्नेश नावाचा जादूगार गाठतो. गोड बोलतो, उत्तर काही द्या, तो मंत्र सुरू करणारच. आधी मिरर इमेज, एकाचे पाचसहा होऊन नाचायला लागतात, आपले बाण खोट्यांवर फुकट. मग हॉरर, की आपली माणसं दाही दिशांना पळतात, कितीही टॅप करा ऐकत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे पायऱ्यांपाशी जायच्या आधीच सेव्ह, पार्टी पांगवून ठेवायची, सगळ्यांच्या हातात धनुष्य नाहीतर गोफण, इमोएनकडे मॅजिक मिसाईल ह्या जादूच्या माऱ्याची कांडी असते ती वापरायला लाजायचं नाही. मंत्र म्हणताना घाव बसला की मंत्र वाया जातो, सगळी मेख तिथे आहे. तिथले पहारेकरी पण मदतीला येतात. तुमच्याकडे स्लीप हा झोपवायचा मंत्र असेल तर तो ह्याच्यावर नका घालवू, बाहेर गिबरलिंग नावाच्या छोट्या राक्षसांची झुंड आली की वापरा, सगळे आडवे होतात.

आणि हो, एका ऑगरकडे, म्हणजे दांडग्या राक्षसाकडे, कमरेचे दोन जादूचे पट्टे मिळतात, न ओळखता बांधायचे नाहीत. भावाने बांधला आणि त्याच्या दाढीवाल्या योद्ध्याची बाई झाली, पट्टा निघेना, शेवटी देवळात पैसे भरून शाप काढला. घरात सगळे हसले, तो सोडून.

तलवारी मधेच मोडतात, हा बग नाही, त्या भागातलं लोखंडच खराब झालंय आणि कथा त्याच धाग्याने तुम्हाला नॅशकेल गावाच्या खाणीकडे नेते. त्यामुळे एक जादा हत्यार पिशवीत ठेवाच.

वाईट म्हणाल तर टॅबवर अक्षरं बारीक, दाटीत भलत्यालाच टॅप होतो, आणि मजकूर सगळा इंग्रजीत आणि भरपूर, वाचायचा कंटाळा असेल तर घेऊच नका. मरून मरून डोकं फिरलं तर स्टोरी मोड आहे, त्यात पार्टी मरत नाही. मी तो वापरत नाही. सात इंची स्क्रीनवर तर मुळीच घेऊ नका, दहा इंची असेल तरच मजा आहे.