लंडनचा ली व्हॅली व्हेलोड्रोम : चार टप्पे पूर्ण करायचे असतील तरच जा

स्ट्रॅटफर्डचा हा व्हेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा ट्रॅक, 2012 च्या ऑलिंपिकसाठी बांधला. 250 मीटरची फेरी, सायबेरियन पाइनच्या फळ्या, वळणावर ट्रॅक 42 अंशांनी आत कललेला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचे ट्रॅक सायकलपटू इथेच उतरले होते. पण इथली खरी कमाई आहे ती सामान्य माणसाला टप्प्याटप्प्याने रेसपर्यंत नेणारं शिक्षण.

सायकल भाड्याने मिळते. तिला ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. नवशिक्याची चूक इथेच होते. वळणाची भिंत समोर आली की घाबरून पाय थांबवतो, मागचं चाक झटका देतं आणि तोल जातो. वळणावर ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वेग हवाच, कमी पडला तर टायर खाली सरकतो. नवा टायर चढवला असेल तर आधी पुसून घ्या, त्यावरचा कारखान्याचा थर निसरडा असतो. थांबताना पायांवरचा जोर हळूहळू कमी करा, थोडं वर चढून वेग मोडा, मग खाली येऊन कठडा धरा.

फळ्यांवरच्या रेघा पहिल्याच दिवशी पाठ करा. काळी रेघ आतल्या कडेपासून 20 सेंटिमीटरवर, फेरीचं अंतर तिच्यावरूनच मोजतात. लाल रेघ साधारण 90 सेंटिमीटरवर, तिच्याही वर निळी. वर जाण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे बघायचंच, कारण मागचा उजवीकडूनच पुढे निघतो. प्रशिक्षक हे वारंवार घोकून घेतात आणि ते योग्यच आहे. गटात एकाने न बघता रेघ बदलली की मागचे चारजण पडतात.

एका तासाच्या पहिल्या सत्रात सीट बसवणं, सूचना, कठड्यापासून सुटणं यातच बराच वेळ जातो. तेवढ्यावर मत बनवू नका. प्रशिक्षणाचे चारही टप्पे करा, रेसचं दार त्यानंतर उघडतं. बुकिंगच्या वेळी पायडलवर कोणते क्लीट (बुटाच्या तळाचा, पायडलमध्ये अडकणारा तुकडा) बसतात ते विचारून घ्या.

रेसमध्ये नवख्याला सगळ्यात जास्त शिकवते ती एलिमिनेशन. दर ठरावीक फेऱ्यांनी शेवटचा बाद होतो, आणि हिशेब मागच्या चाकाचा असतो. आतल्या कडेला दबून राहिलात तर बाहेर निघायला जागाच उरत नाही. दम शिल्लक असूनही माणूस बाद होतो. म्हणून लाल रेघेच्या वर, कुणाच्या तरी मागच्या चाकालगत राहून, बाजूला मोकळी जागा राखून चालवा.