बॅकअपच्या नावाखाली विटा

डेटाबेस एका क्लाउडवरून दुसऱ्या क्लाउडवर हलवून देतो म्हणणाऱ्या एका कंत्राटदाराने आम्हाला फसवलं. त्याची युक्ती डेमो बघताना लक्षात येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचा पोस्टग्रेस डेटाबेस ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस चालवून देणाऱ्या क्लाउड सेवेवर होता. बॅकअपचं कामही याच माणसाकडे होतं. त्याने 'नव्या क्लाउडवरचा' सर्व्हर दाखवला: सगळी टेबलं जागेवर, रेकॉर्डांची संख्या तंतोतंत. पूर्ण रक्कम घेतली आणि जुना डेटाबेस डिलीट करा म्हणून लकडा लावला.

तो सर्व्हर जुन्याच क्लाउडवर होता! स्नॅपशॉटमधून (डेटाबेसची त्या क्षणाची प्रत) तिथल्या तिथे दुसरा इन्स्टन्स (डेटाबेस सर्व्हर) उभा करणं अगदी सोपं असतं. वर नुसता नव्या नावाचा पत्ता चिकटवला होता. आरडीएसचा स्नॅपशॉट जसाच्या तसा डाउनलोड करून दुसऱ्या क्लाउडवर रिस्टोअर करता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बॅकअप मागितले तेव्हा हातात पार्केट फाइली (नुसता टेबलांतला डेटा ठेवणारा फाइल प्रकार) आल्या. स्नॅपशॉट एस-थ्रीवर (ॲमेझॉनची फाइल साठवण) एक्स्पोर्ट केला की याच मिळतात. विश्लेषणाला त्या उत्तम, पण फॉरेन की (टेबलांमधले दुवे), इंडेक्स (शोध जलद करणारी सूची), ट्रिगर आणि फंक्शन (डेटाबेसमध्येच चालणारा कोड), सीक्वेन्स (नव्या नोंदींना क्रमांक देणारा काउंटर) यांतलं काही त्यात नसतं. घर पाडून विटा मोजून द्याव्यात, तसं. टेबलं हाताने बनवून डेटा भरला, तर पहिलीच नवी नोंद डुप्लिकेट कीच्या एररवर अडली, कारण सीक्वेन्स पुन्हा १ पासून सुरू झाला होता. मग 'कन्व्हर्जन'चे वेगळे पैसे मागितले. करारात 'डेटा सुपूर्द करणे' एवढंच होतं, आणि डेटा दिलाय की, असं तो तोंड वर करून सांगतो.

जुना डेटाबेस चालू होता म्हणून वाचलो. त्यावरून पीजी-डम्प (पोस्टग्रेसच्याच साधनाने काढलेली रचनेसकट डेटाबेसची प्रत) काढला आणि नव्या ठिकाणी पीजी-रिस्टोअर या जोडीच्या साधनाने भरला. युजर डम्पमध्ये येत नाहीत, ते वेगळे तयार करावे लागले.

असं काम कुणाला देणार असाल तर रिस्टोअर तुमच्याच नव्या खात्यात, रिकाम्या सर्व्हरवर, तुमच्यासमोर करायला लावा. तेवढा वेळ जुन्या क्लाउडशी संपर्क तोडून ठेवा. रेकॉर्ड मोजून थांबू नका. नवी नोंद घालून बघा, इंडेक्स आणि फॉरेन की जुन्याशी ताडून बघा. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या, आणि 'चालू स्थितीतला डेटाबेस' हे शब्द करारात घालून घ्या. आमची रक्कम अजून परत मिळालेली नाही.