डाळ मिलला महिनेवारी सीए: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

लातूरच्या मोंढ्यात 'सीए लावलाय' असं म्हणतात तेव्हा बऱ्याचदा तो टॅलीवाला, म्हणजे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर नोंदी करणारा, असतो. मुनीम रोजमेळ लिहितो, टॅलीवाला एन्ट्र्या मारतो, कर सल्लागार रिटर्न भरतो. टॅक्स ऑडिटवर सही मात्र सीएची, म्हणजे सनदी लेखापालाचीच लागते आणि २०१९ पासून त्या सहीसोबत यूडीआयएन लागतो. हा १८ अंक-अक्षरांचा नंबर आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या पोर्टलवर टाकला की सही खरी की खोटी ते कळतं. सीसी (कॅश क्रेडिट कर्ज) रिन्यूअलच्या वेळी बँकवाले तो बघतात.

जुलैमध्ये फाईल टाकून रिटर्न भरून घेण्यापुरता सीए ठेवला तर फारसा उपयोग नाही. खरा फायदा दर महिन्याच्या ११ ते २० तारखेत आहे. माल देणाऱ्या पार्टीने ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरला तर आपलं बिल १४ तारखेच्या २बीमध्ये, म्हणजे आपल्या खरेदीवरच्या जीएसटीच्या यादीत, दिसतं. समजा मशीनच्या सुट्या भागांचं १ लाखाचं बिल आहे, वर १८ हजार जीएसटी. पार्टीने रिटर्न भरलं नाही, किंवा आपल्या जीएसटी नंबरऐवजी बिल बिगरनोंदणी गिऱ्हाइकाच्या खात्यात टाकलं, तर ते १८ हजार त्या महिन्याच्या ३बीत (२० तारखेपर्यंत कर भरायचं रिटर्न) वळते होत नाहीत, म्हणजे क्रेडिट मिळत नाही. चांगल्या ऑफिसातून १५-१६ तारखेला न जुळलेल्या बिलांची यादी येते. यादी घेऊन पार्टीला फोन आपणच लावायचा, आणि पुढचं पेमेंट बिल दिसल्यावरच सोडायचं. हे वर्षअखेरीला ढकललं की पार्टी फोन उचलत नाही. मागच्या वर्षाचं क्रेडिट घ्यायलाही साधारण ३० नोव्हेंबरपर्यंतच मुदत असते.

डाळ मिलवाल्यांची गोची आणखी वेगळी. ३० किलोच्या कट्ट्यावर कर नाही. छापील १ किलोच्या पाकिटावर ५ टक्के. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतचा पॅकबंद, लेबल लावलेला माल करात आला. दोन्ही विकत असाल तर वीजदुरुस्ती, सुटे भाग, ऑडिट फी यांचं पूर्ण क्रेडिट घेता येत नाही. करमाफ विक्रीच्या प्रमाणात परत करावं लागतं. सॉर्टेक्ससारख्या (डाळ निवडणाऱ्या) मशीनचं क्रेडिट तर ६० महिन्यांवर वाटून हिशेब करायचा असतो. नुसता टॅलीवाला सगळं क्रेडिट एकदम घेऊन मोकळा होतो. नोटीस येते तेव्हा मूळ रकमेवर १८ टक्के व्याज चढलेलं असतं. फक्त या एका कामात वर्षाची फी वसूल होते, असं आमचं मत.

रोखीचंही तसंच. शेतकऱ्याला तुरीचे पैसे रोख दिले तर चालतं, पण हिशेबपट्टीवर नाव, गाव, वजन, भाव हवा. तीच तूर दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेऊन एका दिवसात १० हजारांवर रोख दिले की तो खर्च आयकरात नाकारला जातो.

आता तक्रारी. रोजचं काम सीए स्वतः करत नाही, आर्टिकलशिप करणारी, म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात उमेदवारी करणारी पोरं करतात. परीक्षा आल्या की ती रजेवर जातात आणि नव्या पोराला कट्टा-पाकीट पहिल्यापासून समजवावं लागतं. सप्टेंबरात ऑडिटच्या गर्दीत फोनही लागत नाही. त्यामुळे खरेदीची बिलं ५ तारखेच्या आत देणं आपल्याच हिताचं. ३बीची २० तारीख हुकली की दिवसाला ५० रुपये लेट फी आणि भरायच्या रकमेवर व्याज.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे जीएसटी पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल सीएच्या ऑफिसचा टाकून घेणं. नोटीस त्यांच्या मेलवर पडून राहते, उत्तराचे ३० दिवस जातात आणि ऑफिस बदलायचं म्हटलं तर ओटीपीसाठी त्यांच्याच पायऱ्या झिजवाव्या लागतात. पहिल्याच आठवड्यात दोन्ही आपल्या नावावर करून घ्या. पोर्टलवर 'अ‍ॅडिशनल नोटिसेस' नावाचा वेगळा टॅब आहे, तोही महिन्यातून एकदा स्वतः उघडून बघा.

फी ठरवताना त्यात काय धरलंय ते लिहून घ्या: २बीची जुळवणी, वार्षिक रिटर्न, नोटिशीचं उत्तर, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट. नोटिशीचं काम बहुतेक ठिकाणी वेगळं लावतात. कंपोझिशनमधल्या (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी जीएसटी योजना) किराणा दुकानाला मात्र महिनेवारी सीएची गरज नाही. तिमाहीला १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ हा फॉर्म भरायचा असतो, तेवढं चांगला कर सल्लागार निभावतो.